सरीसृपांतील वर्ण-उत्परिवर्तने : संगोपन आणि नीती

वाळूजहून छत्रपती संभाजीनगरात येणाऱ्या विद्यार्थ्याला उत्परिवर्तनाचे उदाहरण शोधीत दूर जाण्याचे कारण नाही. महानगरपालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघ कित्येक वर्षे लोकांनी पाहिले आहेत. पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. वर्णद्रव्याशी निगडित अशा एका जनुकातील बदलाचा तो परिणाम होय, असे २०१३ साली दाखविण्यात आले. १९५१ साली रेवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' या नराचा त्याच्याच कन्येशी संकर करून १९५८ मध्ये पांढरी पिल्ले मिळविण्यात आली. पुढे १९७३ साली अशा वाघाच्या डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू चुकीच्या मार्गाने गेलेले आढळले. ज्या वर्णासाठी प्राणी जोपासला, त्याच वर्णाबरोबर दृष्टीचा दोषही वाट्यास आला. हाच प्रश्न आज सरीसृपांच्या पैदाशीत अधिक तीव्रतेने उभा आहे.

सरीसृपांच्या त्वचेचा रंग मुख्यत्वे तीन प्रकारच्या पेशींवर अवलंबून असतो. एक काळे-तपकिरी द्रव्य धारण करते, दुसरी पिवळे-तांबडे, आणि तिसरी स्फटिकांच्या साह्याने प्रकाश परावर्तित करते. यांपैकी एकीच्या कार्यात बदल झाला की रंगरूप पालटते. आफ्रिकेतील बॉल पायथन या लहान अजगराच्या टाकलेल्या कातींवरून २०२२ साली झालेल्या अभ्यासात त्याचे काही फिके प्रकार काळ्या द्रव्याच्या निर्मितीशी संबंधित जनुकांतील बदलांमुळे उद्भवतात, असे दिसून आले. वर्णहीनता हा अप्रभावी गुण आहे. दोन वाहकांच्या संकरातून सरासरीने चौथा हिस्सा पिल्ले वर्णहीन निपजतात. उरलेल्या साधारण दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोनतृतीयांश वाहक असतात, परंतु ती बाह्य रूपावरून ओळखता येत नाहीत. गुण लवकर हाती यावा म्हणून पिता-कन्या किंवा भावंडे यांचा संकर करण्याचा मोह येथूनच उत्पन्न होतो, आणि त्याबरोबर इतर दडलेले दोषही उघड होऊ लागतात.

तथापि आप्तसंकराचा दोष हा उत्परिवर्तनाचा दोष नव्हे. असंबंधित प्राण्यांशी संकर करून पहिला कमी करता येतो. दुसऱ्याविषयी मात्र उत्परिवर्तनांचे दोन वर्ग वेगळे पाडले पाहिजेत. पहिल्या वर्गात विकृती सौम्य असून संगोपनाने सांभाळता येते. वर्णहीन सापाचे डोळे तीव्र प्रकाश सहन करीत नाहीत. त्यास मंद प्रकाश व लपण्याची जागा दिल्यास तो निरोगी राहू शकतो. दुसऱ्या वर्गात रंग व व्याधी ही एकाच जनुकाची दोन फळे असतात. बॉल पायथनच्या 'स्पायडर' प्रकारात डोके डुलते व तोल जातो. या प्रकारातील सापांच्या अंतःकर्णाची रचनाच विकृत असल्याचे २०२२ च्या संशोधनात आढळले. बिबट्या पालीच्या 'लेमन फ्रॉस्ट' प्रकाराविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याहूनही बोलका आहे. ज्या परावर्तक पेशींच्या वाढीमुळे ही पाल उजळ दिसते, त्याच पेशींची अर्बुदे होतात. हे जनुक धारण करणाऱ्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना वयाच्या सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ती होतात.

येथे उत्तम संगोपनाची मर्यादा स्पष्ट होते. पिंजऱ्याचे एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवणे, मराठवाड्याच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात गारवा राखणे, खाद्य, कात व वजन यांची नोंद ठेवणे, ही कर्तव्ये आवश्यकच आहेत. परंतु त्यांनी अंतःकर्ण सुधारत नाही की अर्बुद टळत नाही. आजारी प्राण्याची शुश्रूषा करणे हा दयेचा विषय होय. आजारी होणारच असा प्राणी जन्मास घालणे हा निवडीचा विषय होय. म्हणून पालकाचे उत्तरदायित्व अंडी उबविण्याच्या पेटीपाशी नव्हे, तर जोडी जुळविण्यापूर्वी सुरू होते. आकर्षक न दिसणाऱ्या पिल्लांचे काय करावयाचे, याचाही विचार त्याच वेळी झाला पाहिजे.

कायदा या प्रश्नाचा एकच भाग सोडवितो. नाग, अजगर आदी देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखादा पांढरा नाग निघाला, तरी तो दुर्मीळ म्हणून घरी ठेवता येणार नाही. वन विभागास कळविणे हाच मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या सूचीतील विदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केली. तरीही मागणी कोणत्या थरास जाते, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत उघड झाले. शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेल्या मालात कासवे, अजगर, सरडे इत्यादी ६६५ प्राणी सापडले. त्यांपैकी ११७ मृत होते.

कायदा जात कोणती व ती कोठून आली, हे विचारतो. जनुक कोणते, हे विचारीत नाही. तो प्रश्न विचारण्याचे काम आनुवंशिकीच्या अभ्यासकाकडे राहते. गुण कसा संक्रमित होतो हे ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या गुणाबरोबर कोणते दुःख संक्रमित होते याविषयी अज्ञानाची सबब उरत नाही.