ज्वारीची भाकरी आणि रक्तातील साखर

टाइप २ मधुमेहात इन्सुलिन तयार होत असले तरी पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. या अवस्थेला इन्सुलिनरोध म्हणतात. निदानानंतर अनेक जण गव्हाची पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीकडे वळतात, परंतु ज्वारीतही सुमारे ७० टक्के कर्बोदके, म्हणजे पचनानंतर ग्लुकोजमध्ये रूपांतरित होणारे घटक, असल्याने भाकऱ्यांची संख्या तीच राहिली तर या बदलाचा लाभ थोडाच होतो. त्याऐवजी एक भाकरी कमी करून ताटात मटकीची उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर वाढवणे अधिक हिताचे, कारण त्यांतील तंतू व प्रथिने पचन मंदावतात आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.