तारखेच्या आदल्या दिवशी

“आपा, नवरा मला छळतो एवढं लिहून द्या. वकील म्हणतात, तुमचा कागद लागेल.”

समुपदेशनाला येणाऱ्या ज्या भगिनींचा खटला चालू असतो, त्यांच्याकडून हे आम्ही वरचेवर ऐकतो. कागद देता येतो. पण त्यांच्या घरात काय घडले ते आम्ही पाहिलेले नसते. अमुक तारखांना ती आली, झोप लागत नाही म्हणाली, बोलताना हात थरथरत होते, इतकेच लिहिता येते. ऐकलेले ‘पाहिले’ म्हणून लिहिणे ही खोटी साक्ष झाली, आणि तिचा गुन्हा केवढा हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. भगिनी नाराज होते. इलाज नाही.

याहून अवघड म्हणजे जी येते पण बोलत नाही ती. मुलांचा ताबा मागितलेला असतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत हे कोर्टात कळले तर मुले जातील, ही धास्ती. एका भगिनीने याच भीतीने गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 यातील कलम 3 तिला कोणी सांगितलेच नव्हते. मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही. ते ठरवायचे सक्षम न्यायालयाने.

याच कायद्याचे कलम 23 उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. मात्र त्याला अपवाद आहेत, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे खास संरक्षण आहे, ते आमच्याशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने मागितल्या तर नोंदी द्याव्या लागू शकतात. म्हणून त्या मोजक्याच ठेवतो. रागाच्या भरात सासूबद्दल निघालेले शब्द कशाला उतरवायचे?

कुटुंब न्यायालयातले समुपदेशक वेगळे. ते 1984 च्या कायद्याप्रमाणे नेमलेले असतात, दोघांचे ऐकतात, समेटाची वाट शोधतात. सूरह निसाच्या 35 व्या आयतीतल्या दोन्हीकडच्या पंचांची आठवण यावी असे ते काम. आम्ही पंचही नाही आणि वकीलही नाही.

ती भगिनी पुन्हा डॉक्टरांकडे गेली, गोळ्या सुरू झाल्या. तारखेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आली तेव्हा कागदाचा विषय निघालाच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात तो समोर आला तर श्वास कसा सांभाळायचा आणि सकाळी मुलाला काय सांगून निघायचे, यातच तास संपला.