चाकांवरचे बिऱ्हाड आणि विजेची गाडी

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एक नवा धंदा निघाला आहे. पाठीमागे उघडा हौदा असलेली जी मालमोटार, जिला आपल्याकडेही पिकअपच म्हणतात, ती तिकडे विजेवर चालू लागली. रिव्हियन नावाच्या कंपनीने अशी गाडी २०२१ साली बाजारात आणली. टेस्ला कंपनीची सायबरट्रक २०२३ च्या नोव्हेंबरअखेर लोकांच्या हाती पडू लागली. या गाड्यांच्या हौद्यात बसेल अशी एक खोली तयार करावयाची, तीत निजण्याची जागा, चूल, मोरी आणि संडास बसवावयाचा, असा उद्योग मूठभर माणसांच्या छोट्या कंपन्यांनी आरंभला. सायबरलँडर नावाच्या अशा एका खोलीची कल्पना तर मोठी गमतीची आहे. गाडी चालू असताना ती हौद्यात दडून बसते आणि मुक्कामाला दुर्बिणीच्या नळीसारखी वर निघते.

बीडच्या माणसाला याचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चाकांवरच्या बिऱ्हाडाचा विचार करण्याचा अधिकार या देशात कोणाला असेल तर तो आधी बीडच्या माणसाला आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावे दिवाळीच्या सुमारास ओस पडतात. पेट्या, भांडी, कोंबड्या, पोरे आणि म्हातारी आई ट्रॅक्टरवर चढते आणि तीनशे-साडेतीनशे किलोमीटरांवरच्या कारखान्याला निघते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या, चटई आणि वर ताडपत्री. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, परंतु विंचवाला निदान दर हंगामाला उचल घ्यावी लागत नाही.

म्हणून आम्ही या अमेरिकन खोलीचा हिशेब मांडून पाहण्याचे ठरविले. आमचे शिक्षण सातवीपलीकडचे नाही. विजेचे जे काही कळते ते युनियनमधल्या वायरमन मंडळींच्या संगतीने कळले आहे. त्यामुळे हिशेबही साधाच आहे.

प्रथम ही गोष्ट चालते कशी ते पाहू. जुन्या कॅराव्हॅनमध्ये दिवे, पंखे, पंप यांसाठी वेगळी बॅटरी किंवा जनरेटर लागे. विजेच्या गाडीत मुळातच प्रचंड बॅटरी असते. रिव्हियनच्या सुरुवातीच्या गाडीत ती सुमारे १३५ युनिटांची होती. आपल्या घरच्या मीटरवर जे युनिट पडते तेच हे युनिट. एवढ्या साठ्यातून रात्रभर दिवे, शेगडी, पंखा चालवले तरी गाडीला फारसे जाणवत नाही. गाडी हेच घराचे वीजघर, ही सारी युक्ती.

आता अडचण. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट. गाडीमागे उंच खोली जोडून हमरस्त्यावर दौडत गेले तर एका भरणीत जेवढे अंतर कापावयाचे त्याच्या जवळजवळ निम्मे अंतर कापूनच बॅटरी संपते, असा तिकडे अनेकांचा अनुभव आहे. खोली प्रवासात हौद्यात दडविण्याची धडपड त्यापायीच. दुसरी अडचण वजनाची. रिव्हियनची गाडी सुमारे आठशे किलो भार घेते. त्यात खोली, पाणी आणि माणसे सगळेच आले.

आपल्याकडे येऊ. टाटा मोटर्सने छोट्या हत्तीची, म्हणजे एसची, विजेवरची आवृत्ती २०२२ साली जाहीर केली. बॅटरी २१.३ युनिटांची, चाचणीतले अंतर १५४ किलोमीटर, भार ६०० किलो. २०२४ मध्ये एक टन भार घेणारी आवृत्ती आली. हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, म्हणजे तेहतीस चौरस फूट. यात नवरा-बायको आणि दोन पोरांचे बिऱ्हाड सहा महिने राहू शकते काय? नाही. कोपीसुद्धा याहून मोठी असते. शिवाय मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवून नेण्यास कायद्याची मनाई आहे (ऊसतोडीची माणसे नेमकी तशीच नेली जातात आणि दर हंगामाला अपघाताच्या बातम्या येतात, हा भाग निराळा). गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करणेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला चालत नाही.

तेव्हा घराची कल्पना बाद. आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु एका तळावर रात्री मजुरीच्या दराविषयी बैठक चालली असता आम्ही ही हकीकत गंमत म्हणून सांगितली. पुरुष हसले. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, घर ऱ्हाऊ द्या. त्या गाडीत मोरी हाय म्हणता, तेवढी आणा."

हा मुद्दा आम्हांला सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तीस वर्षे आम्ही दर, उचल, मुकादमाचे कमिशन यांवर भांडत आलो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तो संघटनांच्या लढ्याचाच परिणाम. मात्र पहाटे तीनला उठून, उजाडायच्या आत उसाच्या आडोशाला जाऊन येणाऱ्या आणि साडी आडवी धरून आंघोळ उरकणाऱ्या बाईचे दुःख मागण्यांच्या यादीत आले तरी तळाला आले. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न उभा राहिला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या कामात एक दिवस खाडा झाला की दंड बसतो आणि स्वच्छतेला पाणी नसते, तेथे बाईचे दुखणे डॉक्टरच्या सुरीपर्यंत लवकर पोचते.

मग हिशेब पुन्हा मांडला. उतरवता येणारी एक हलकी खोली, तीत दोन मोऱ्या आणि एक संडास. वजन तीनशे किलो धरू. पाण्याची टाकी पाचशे लिटरची, म्हणजे पाचशे किलो. एकूण आठशे. सहाशे किलोच्या गाडीला हे झेपणार नाही, एक टनाच्या गाडीला झेपेल. पन्नास कोप्यांचा तळ असला तर बायाच साठेक. बाईमागे दहा लिटर धरले तरी सहाशे लिटर पाणी हवे, म्हणजे एक खेप पुरत नाही. परंतु खोली एकदा तळावर खाली उतरवून ठेवली की गाडी मोकळी होते आणि पाण्याच्या खेपा करू शकते. अमेरिकन कल्पनेतला हाच भाग आम्हांला मोलाचा वाटतो. खोली आणि गाडी वेगळी होते. आणि तळ ते विहीर, तळ ते फड ही अंतरे दिवसाकाठी वीस-तीस किलोमीटरांच्या वर जात नाहीत. वेग कमी, त्यामुळे हवेच्या अडथळ्याचा प्रश्नच उरत नाही. विजेची गाडी लांबच्या पल्ल्याला जेवढी लंगडी, तेवढी या कामाला तरबेज.

राहिला उजेड. एका कोपीला दोन दिवे, एक कमी वीज खाणारा पंखा आणि मोबाईलची भरणी एवढे धरले तर रात्रीला अर्धे युनिटही लागत नाही. पन्नास कोप्यांना वीस-पंचवीस युनिटे, म्हणजे जवळजवळ त्या गाडीची आख्खी बॅटरी. रोज कोठून भरावयाची?

येथे आम्ही श्रोत्यांचे लक्ष कारखान्याच्या धुराड्याकडे वेधू इच्छितो. उसाचा रस काढल्यावर शंभर किलोमागे अठ्ठावीस-तीस किलो बगॅस उरतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाने वीज तयार करतात, स्वतः वापरतात आणि उरलेली विकतात. उंच दाबाचा बॉयलर असेल तर एक टन उसामागे शंभराच्या आसपास युनिटे निघतात. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. दीडशे-दोनशे युनिटांचे जळण रोज स्वतःच्या हातांनी गव्हाणीकडे पाठविणारी ही जोडी रात्री मोबाईलच्या उजेडात भाकरी थापते! तिच्या वाट्याला त्यातले अर्धे युनिट द्यावयाचे, एवढेच मागणे आहे.

कोणी म्हणेल, असल्या गोष्टी करणार कोण? इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या जूखाली एक तिसरे चाक बसवून दाखविले. त्याला त्यांनी 'सारथी' नाव दिले. उसाने भरलेल्या गाडीचा बैलाच्या मानेवरचा भार त्याने कमी होतो. बैलाच्या मानेचा विचार करणारी पोरे आहेत, तर बाईच्या मोरीचा विचार करणारीही निघतील. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटकाने गाडीत राहावे यासाठी धोरण होते, तर ज्यांना सहा महिने रानातच राहावे लागते त्यांच्यासाठीही होऊ शकते. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्याने निवासाची सोय करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती, पण ती परराज्यात जाणाऱ्यांपुरती. बीडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसलाच नाही.

पैशाचे म्हणाल तर गाडीचा खर्च आहेच, खोलीचा निराळा. हा बोजा मुकादमाच्या माथी मारला तर तो उचलीतून कापून घेईल, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. कारखान्याने आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने मिळून तो उचलला पाहिजे, आणि गाडीची किल्ली तळावरच्या बायांच्या समितीकडे असली पाहिजे. एका कारखान्याने पूर्वी तळावर पत्र्याचे संडास उभे केले होते. आठ दिवसांत त्यांत खताची पोती रचलेली आम्ही पाहिली आहेत.

पुढच्या खेपेला आम्ही कागदावर काढलेला नकाशा घेऊन त्याच तळावर गेलो. मावशींनी तो दिव्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "दाराला कडी आतून हाय का?" नकाशात ती नव्हती. आम्ही तेथेच पेन्सिलीने काढली.