परतीच्या तारखेचा वाद : श्रीलंकेतील भारतीय शांतिसेना (1987–1990)

परभूमीवर सैन्य पाठविण्याच्या निर्णयाला करारात स्थान मिळते. ते केव्हा परत आणावयाचे, या प्रश्नाला बहुधा मिळत नाही. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी व जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबो येथे स्वाक्षरित केलेला भारत-श्रीलंका करार हे याचे बोलके उदाहरण होय. युद्धविरामाची हमी देण्यासाठी आवश्यक वाटल्यास श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेस पाचारण करू शकतील, असे परिशिष्टात नमूद होते. पाचारण केलेली सेना कोणाच्या सांगण्यावरून परत जाईल, याविषयी मात्र करार मौन बाळगतो. पुढील वाद या मौनातूनच उद्भवला.

ऑक्टोबर 1987 मध्ये लिट्टेशी प्रत्यक्ष युद्ध जुंपले आणि ‘शांतिसेना’ हे नावच विपरीत ठरले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथे वीरमरण आले; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

1 जून 1989 रोजी नवे राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी शांतिसेनेने 29 जुलैपर्यंत देश सोडावा, अशी जाहीर मागणी केली. कराराचा दुसरा वर्षदिन निवडण्यात सूचकता होती. पंतप्रधान असतानाही त्यांचा करारास विरोधच होता. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना भारतीय सैन्याच्या उपस्थितीचे भांडवल करीत होती, तर लिट्टेशी त्यांची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : ज्याने बोलावले, त्यालाच निरोप देण्याचा अधिकार.

राजीव गांधींच्या मते भारत हा केवळ निमंत्रित नव्हता, द्विपक्षीय कराराचा हमीदारही होता. त्यामुळे माघारीचे वेळापत्रक उत्तर-पूर्व प्रांतास अधिकार देण्याच्या वेळापत्रकाशी आणि तमिळांच्या सुरक्षिततेशी जोडले जावे, असा दिल्लीचा आग्रह होता. कायद्याच्या दृष्टीने कोलंबोची बाजू अधिक बळकट मानावी लागते. यजमानाची संमती संपल्यावर राहणाऱ्या सेनेला शांतिसेना म्हणणे कठीण. तथापि हमीचा मुद्दा पोकळ नव्हता. तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या, परंतु उत्तर-पूर्व परिषदेच्या हाती प्रत्यक्ष सत्ता फारशी आलीच नाही.

29 जुलै 1989 रोजी प्रतीकात्मक माघार सुरू झाली; सप्टेंबरातील समझोत्याने वर्षअखेरीची मुदत ठरविली. ती टळली. डिसेंबरात सत्तेवर आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने अटींपेक्षा माघारीस प्राधान्य दिले आणि 24 मार्च 1990 रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे 1,200 भारतीय सैनिक तोवर धारातीर्थी पडले होते. मद्रास बंदरावरील स्वागतास तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी उपस्थित राहिले नाहीत. ज्यांच्या रक्षणार्थ सैन्य गेले, त्या तमिळांविरुद्धच ते लढले, अशी त्यांची तक्रार होती.

तारखेच्या या वादात एक घटक जवळजवळ अनुल्लेखित राहिला : भारताच्या भरवशावर उभे राहिलेले स्थानिक तमिळ. परिषदेचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारतात आश्रय घ्यावा लागला. भारताच्या साहाय्याने उभारलेले, सक्तीने भरती केलेल्या तरुणांचे दल लिट्टेपुढे टिकले नाही. त्यांची शस्त्रे लिट्टेच्या हाती पडली. जून 1990 मध्ये लिट्टे व श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले.