गिटार नसलेली गिटार : सॅम्पल केलेले वाद्य अपग्रेड करताना

मंडळी, मागच्या वेळी आपण अवयव आणि अवयवी यांचा वाद पाहिला. नैयायिक म्हणतात, धाग्यांहून वस्त्र ही वेगळी वस्तू आहे. बौद्ध म्हणतात, धाग्यांचा समूह तेवढा खरा, वस्त्र हे नुसते नाव. व्याख्यान संपल्यावर घरी संगीत तयार करणाऱ्या काही तरुण श्रोत्यांनी चिठ्ठी दिली : आमच्याकडे संगणकावरची इलेक्ट्रिक गिटार आहे, तिची नवी आवृत्ती आली आहे, पैसे घालावेत का? या प्रश्नाचा त्या वादाशी चांगलाच संबंध आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. खऱ्या गिटारवर वादक एकेक स्वर वाजवतो आणि तो ध्वनिमुद्रित होतो. या मुद्रित तुकड्याला सॅम्पल म्हणायचे. असे हजारो तुकडे की-बोर्डच्या पट्ट्यांवर नेमून दिले की झाले सॅम्पल वाद्य. कल्पना जुनी आहे. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचे यंत्र निघाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी असे. पट्टी दाबली की सुमारे आठ सेकंद टेप चाले, मग संपे. बीटल्सच्या १९६८ सालच्या ‘द कंटिन्यूइंग स्टोरी ऑफ बंगलो बिल’ या गाण्याच्या सुरुवातीला जी स्पॅनिश गिटारची झरझर तान ऐकू येते, ती त्या चौघांपैकी कोणी वाजवलेली नाही. ती मेलोट्रॉनची टेप आहे, पट्टी दाबून लावलेली! म्हणजे ‘गिटार कुठे आहे?’ हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांचा आहे.

आता बघा, पियानोत एक स्वर एकाच ठिकाणी मिळतो. गिटारचे तसे नाही. पहिल्या तारेचा मोकळा ‘ई’ घ्या. तोच स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या फ्रेटला मिळतो. उंची तीच, पण आवाज निराळा, कारण तार जाड होत जाते आणि तिची कंप पावणारी लांबी कमी होत जाते. जुन्या, स्वस्त वाद्यांत या पाचांतला एकच घेतलेला असायचा. चांगल्या वाद्यात प्रत्येक तारेची प्रत्येक जागा मुद्रित करतात. हिशेब करून पाहू. सहा तारा, प्रत्येकी २२ फ्रेट आणि एक मोकळी जागा, म्हणजे १३८ जागा. प्रत्येक जागा हलक्यापासून जोरकसपर्यंत चार बळांनी वाजवली, पिक वरून खाली आणि खालून वर असा दोन तऱ्हांनी फिरवला, आणि प्रत्येकाचे चार वेगवेगळे नमुने घेतले, तर ४४१६ तुकडे झाले. पाच सेकंदांचा एक तुकडा धरला तर स्टुडिओच्या नेहमीच्या दर्जात तीन जीबीहून अधिक. आणि ही झाली फक्त साधी छेड. तळहात तारेवर टेकवून वाजवलेला दबका आवाज, घसरण, बोट आपटून काढलेला स्वर, हे सगळे पुन्हा वेगळे.

चार नमुने कशाला, एक का नाही? कारण एकच तुकडा झटझट चार वेळा वाजला की कान लगेच ओळखतो. मशीनगन चालल्यासारखे वाटते. खरा वादक एकच स्वर दोनदा वाजवतो तेव्हा ते दोन स्वर असतात, एक नव्हे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते हे बौद्धांचे म्हणणे इथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मान्य करावे लागले. नमुने आलटून पालटून वाजवण्याच्या या सोयीला राउंड रॉबिन म्हणतात. नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत हा आकडा वाढलेला दिसला, तर तो फुगवलेला आकडा समजू नका. जलद वाजणाऱ्या संगीतात त्याचा खरोखर उपयोग आहे. गिटार डावीकडे-उजवीकडे दुहेरी लावायची असेल तर अधिकच. तोच ट्रॅक कॉपी करून दोन बाजूंना ठेवला तर गिटारी दोन होत नाहीत, एकच गिटार मोठ्याने वाजते.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडात तयार होत नाही. तार चुंबकीय पिकअपसमोर हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो आणि तो अ‍ॅम्पमध्ये जातो. रॉकमध्ये अ‍ॅम्पवर मुद्दाम इतका भार टाकतात की लहरींचे शेंडे छाटले जातात. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणायचे. आता या छाटलेल्या आवाजात दोन तारा एकत्र वाजवल्या तर काय होते? जाड तारेचा ‘ई’ सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा, त्याच्या वरचा ‘बी’ सुमारे १२३ कंपनांचा. आपल्या भाषेत सा आणि प. अ‍ॅम्पमधून या जोडीच्या वजाबाकीचा स्वर निघतो, ४१ कंपनांचा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरजेचाही निघतो, २०६ कंपनांचा, म्हणजे वरचा गंधार. दोन्ही स्वर कोणीही वाजवलेले नसतात! तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो हे आपल्या कानाला ठाऊक आहेच. इथे कारण वेगळे, पण अनुभव जवळचा. सा आणि गंधार अशी जोडी खर्जात वाजवली तर वजाबाकी २१ कंपनांची येते आणि नुसता गढूळ गडगडाट होतो. रॉकवाले सा-पच्या जोडीवर एवढे का रेलतात, त्याचे हे एक मोठे कारण.

मग समजा, वाद्य बनवणाऱ्याने प्रत्येक स्वर आधीच डिस्टॉर्शन लावून मुद्रित केला. आपण दोन पट्ट्या दाबल्या. संगणक दोन तुकड्यांची बेरीज करील, पण ४१ आणि २०६ येणार नाहीत, कारण ते दोघे अ‍ॅम्पमध्ये कधी भेटलेच नाहीत. आधी बेरीज करून मग छाटणे आणि आधी छाटून मग बेरीज करणे, या दोन क्रिया एक नाहीत. इथे नैयायिकाची बाजू वरचढ वाटते : धागे सगळे आहेत, वस्त्र नाही. म्हणून अपग्रेड करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की सॅम्पल पिकअपमधून थेट, कोरे घेतले आहेत का? असतील तर अ‍ॅम्प आपण नंतर लावू शकतो. नसतील तर बाकी कितीही सोयी असोत, ते वाद्य जड रॉकसाठी घेण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि तुमच्या जुन्या वाद्यातच कोरे सॅम्पल असतील, तर कदाचित काही विकत घ्यायची गरजही नाही. अ‍ॅम्प बदला. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त, मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्यापुढे स्पीकरच्या खोक्याचा प्रतिसाद लावायला विसरू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचा भाग गाळतो; तो नसेल तर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखे ऐकू येते, आणि लोक दोष सॅम्पलला देतात.

दुसरी अडचण मींडेची. १९४० साली आपल्याकडे रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली, तेव्हा एक आक्षेप हाच होता की पट्टीवर मींड निघत नाही. की-बोर्डावरच्या गिटारला तेच भोगावे लागते. मिडी या भाषेत, जी १९८३ पासून चालत आली आहे, स्वर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण चॅनेलला लागू होते. गिटारवादक एक तार स्थिर ठेवून दुसरी ओढतो. इथे दोन्ही ओढल्या जातात. उपाय म्हणजे प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनेल. २०१८ साली एमपीई नावाने याला प्रमाण रूपही मिळाले. नवी आवृत्ती ही सोय देत असेल आणि तुम्ही एकल वादन लिहीत असाल, तर पैसे जरूर घाला.

आता जुन्या गाण्यांचे काय? इथे खरा धोका आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या आवृत्तीत खालची एखादी पट्टी दाबली की दबका आवाज यायचा. नव्या आवृत्तीत तीच पट्टी घसरण देते. तीन वर्षांपूर्वीचे गाणे उघडले की गिटार भलतेच बोलू लागते. मिडी फाइल ही गाणे नव्हे, ती वाजवण्याची आज्ञा आहे. आज्ञा पाळणारा बदलला की फळ बदलते. तेव्हा अपग्रेडच्या आधी प्रत्येक गिटारचा ट्रॅक ध्वनिफाइल म्हणून वेगळा काढून ठेवा, कोरा एक आणि अ‍ॅम्पसह एक. नवी आवृत्ती जुनीवर चढवू नका, शेजारी बसवा.

शेवटी एका चिठ्ठीतला प्रश्न : अशाने गिटारवादकाचे काम जाणार नाही का? काही काम जाते, हे नाकारण्यात हशील नाही. जाहिरातीची वीस सेकंदांची धून आता स्टुडिओत वादक न बोलावता होते. पण हेही ध्यानात घ्या की त्या ४४१६ तुकड्यांतही कुणाचा तरी हात आहे. कुणीतरी दिवसच्या दिवस बसून एकेक फ्रेट चार बळांनी वाजवला आहे. त्याचा पिक धरण्याचा कोन आता अनोळखी लोकांच्या गाण्यांत जातो. वाद्याच्या माहितीपत्रात त्या वादकाचे नाव दिले आहे का ते पाहत चला. आणि दिले असेल तर तुमच्या श्रेयनामावलीत, जिथे तुम्ही सॉफ्टवेअरचे नाव घालता, तिथे त्याचेही घाला. एक ओळ लागते.