लिनक्सची परीक्षा : पाठांतर नव्हे, सराव

"कला शाखेच्या मुलाला संगणकाची परीक्षा कशी जमायची?" वाशीसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न हमखास विचारला जातो. परंतु रेड हॅट कंपनीच्या 'आरएचसीएसए' या परीक्षेस बसण्यासाठी कोणत्याही पदवीची अट नाही. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, अशा आम्हा मुलांना ही गोष्ट लहान वाटत नाही.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवॉल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली. आज जगातील असंख्य सर्व्हर याच प्रणालीवर चालतात. ते सुरळीत राखणारा तो व्यवस्थापक.

या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. समोर संगणक असतो आणि कामे सांगितलेली असतात. एकूण गुण ३००, उत्तीर्ण होण्यास २१० हवेत. पुस्तक नाही, इंटरनेट नाही. आधार फक्त संगणकातच असलेल्या माहितीपुस्तिकेचा. 'मॅन' ही आज्ञा दिली की ती उघडते.

खरी मेख पुढेच आहे. केलेले काम संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजे. समजा, नवी डिस्क 'माउंट' आज्ञेने जोडली. ती लगेच दिसेल. पण पुन्हा सुरू करताच नाहीशी होईल. कायम राहावी म्हणून 'एफएसटॅब' या फाइलीत तिची नोंद करावी लागते. त्या नोंदीत चूक राहिली, तर संगणक नीट सुरूच होणार नाही. म्हणून आधी 'माउंट -ए' देऊन नोंद तपासावी.

परवानग्यांचे गणितही असेच सोपे आहे. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १. तेव्हा ६४० म्हणजे मालकाला वाचन-लेखन, गटाला केवळ वाचन आणि इतरांना काहीच नाही.

तयारीसाठी रॉकी किंवा अल्मा लिनक्स विनामूल्य मिळते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते बसवावे, मुद्दाम बिघडवावे आणि दुरुस्त करावे. वापरकर्ते, डिस्क, सेवा, फायरवॉल, एसइलिनक्स हे सारे न पाहता हाताखालून जाऊ लागले, म्हणजेच शुल्क भरावे. शेतकऱ्याच्या घरात ती रक्कम थोडकी नसते.

परीक्षा मराठीत होत नाही. म्हणून रोज माहितीपुस्तिकेचे एक पान इंग्रजीत वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहावा. भाषेचा विद्यार्थी इथे मागे नाही, उलट पुढेच आहे. रेड हॅटने 'लोहित मराठी' हा अक्षरसंच सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे लिनक्सच्या पडद्यावर आपली मराठी दिसते. ती तिथे पोहोचली आहे. आता आपण पोहोचायचे आहे.