अपघात तिकडे, दावा इकडे

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, वाशी, कळंबच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते, कारखाना मुकादमाने ठरवलेला असतो. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी थेट बेळगाव-बागलकोटकडे. मग एखाद्या रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर ट्रक आदळतो. घटनास्थळाचा पंचनामा तिकडच्या ठाण्यात होतो, शवविच्छेदन तिकडच्या सरकारी दवाखान्यात, आणि अंत्यविधी गावी. तेरावं झालं की घरात विषय निघतो तो नुकसानभरपाईचा. दावा कुठे लावायचा आणि तारखांना कोण जाणार?

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी याचं उत्तर एकच होतं: जिथे अपघात, तिथेच दावा. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तसंच होतं आणि 1988 च्या नव्या कायद्यातही सुरुवातीला तेच राहिलं. भूमच्या विधवेने बेळगावच्या न्यायाधिकरणात वकील द्यायचा, प्रत्येक तारखेला मजुरी बुडवायची आणि एसटीचं भाडं भरायचं. असे किती दावे लागलेच नसतील! 14 नोव्हेंबर 1994 पासून कलम 166 बदललं. अपघात झाला ते ठिकाण, दावेदार राहतो किंवा कामधंदा करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांतलं एक दावेदाराने निवडायचं. या जिल्ह्यासाठी माझ्या मते हा फार मोठा बदल होता. त्याची म्हणावी तशी दखल मात्र घेतली गेली नाही.

मोठा का, ते नकाशा पाहिला की कळतं. धाराशिवच्या निकालावरचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातं. शेजारच्या बार्शीत अपघात झाला तर तो सोलापूर जिल्हा, आणि ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की बीदर जिल्हा लागतो. तिथलं उच्च न्यायालय कर्नाटकचं, खंडपीठ कलबुर्गीचं. हीच सोय उलट्या दिशेनेही कामी येते. कोजागरीला तुळजापूरला चालत येणाऱ्या कर्नाटकच्या भाविकाला आपल्या हद्दीत गाडीने उडवलं, तर त्याच्या घरच्यांना धाराशिवच्या कोर्टाचे हेलपाटे घालायला नकोत. ते विजयपुरात किंवा कलबुर्गीत दावा लावू शकतात.

सोयीचा हाच मुद्दा दावेदाराच्या विरुद्धही वापरला जातो. ‘हा खटला दुसरीकडे चालवणं अधिक सोयीचं’ असं म्हणून न्यायालयाने दावा ऐकायचं नाकारणं, याला कायद्यात ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’ म्हणतात. त्याची सर्वांत जड किंमत भारताने भोपाळमध्ये मोजली. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढच्या वर्षी खास कायदा करून भारत सरकार बाधितांच्या वतीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभं राहिलं. मूळ कंपनी अमेरिकेची, तरी तीच म्हणू लागली की खटला भारतात चालवा. साक्षीदार तिथे, कागदपत्रं तिथे, न्यायालयंही सक्षम. त्यासाठी तिने भारतातले नामवंत वकील नानी पालखीवाला यांचं प्रतिज्ञापत्र दिलं. आपली न्यायव्यवस्था हा भार पेलू शकणार नाही, असं भारत सरकार सांगत होतं. 12 मे 1986 रोजी न्यायाधीश जॉन कीनन यांनी कंपनीचं म्हणणं मान्य केलं. फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि ती अपुरी असल्याची तक्रार घेऊन बाधित पुढची कित्येक दशकं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. सोय कुणाची पाहिली गेली, हा प्रश्न तिथे विचारायलाच हवा होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2023 मध्ये विचारला, असं मी मानतो. अपघात सिलिगुडीचा होता. दावा उत्तर प्रदेशात, फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या फतेहगढला लागला होता. वाहनमालक म्हणाला, सगळे साक्षीदार सिलिगुडीचे, त्यांना भाषेची अडचण येईल, खटला दार्जिलिंगला पाठवा. न्यायालयाने नकार दिला. कायद्याने दिलेली निवड दावेदारांनी केली आहे आणि खटला हलवला तर बंगाली न येणारे दावेदारच अडचणीत येतील, हे न्यायालयाने पाहिलं. त्याआधी एका मजुराला नैनीतालच्या न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने केवळ हद्दीच्या मुद्द्यावर रद्द केली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये परत मिळवून दिली. हद्दीची हरकत सुरुवातीलाच घ्यायची असते, आणि हद्द चुकल्यामुळे खरोखर अन्याय झाला हेही दाखवावं लागतं.

दार उघडलं तरी वाट सोपी नाही. बसवकल्याणच्या हद्दीतला अपघात घ्या. दावा उमरग्यात चालणार, पण फिर्याद कन्नडमध्ये, पंचनामा कन्नडमध्ये, दोषारोपपत्रही कन्नडमध्ये. प्रत्येक कागदाच्या नकला तिकडच्या कोर्टातून काढायच्या आणि भाषांतर करून दाखल करायच्या. जखमी जगला असेल तर त्याच्या अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणायचं. पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा असं कायदा सांगतो. तो अहवाल साहजिकच अपघाताच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे जातो. एकाच अपघाताचे दावे वेगवेगळ्या राज्यांत लागले तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये दिलं: जो पहिला लागला तो चालेल, बाकीचे त्याच्याकडे वर्ग होतील.

त्याहून जाचक आहे ती मुदत. 1994 मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मर्यादा 1 एप्रिल 2022 पासून परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिने चालतो. नवरा गेला तरी घेतलेली उचल फेडायची म्हणून बाई दुसऱ्या कोयत्यावर उभी राहते, आणि पट्टा पडून ती गावी येईपर्यंत मुदत सरत आलेली असते.

आणि ही सगळी मुभा रस्त्यावरच्या अपघातापुरती. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात 1995 मध्ये घराजवळ अर्ज करण्याची सोय आली, पण तिथे आधी मालक कोण ते सिद्ध करायचं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. सोलापूरला शस्त्रक्रियेत हयगय झाली तर 2019 च्या ग्राहक कायद्याने धाराशिवच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मात्र सांगलीच्या फडात तुटलेल्या तारेचा शॉक लागला किंवा कोपीवर भिंत कोसळली, आणि साधा दिवाणी दावा लावायची वेळ आली, की दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 19 लागतं. त्यात दोनच ठिकाणं आहेत: इजा झाली ते, किंवा प्रतिवादी राहतो वा धंदा करतो ते. जखमी माणसाचं घर त्यात नाही. 1994 ची दुरुस्ती ज्या न्यायाने झाली त्याच न्यायाने कलम 19 मध्येही तिसरं ठिकाण घालावं, अशी मागणी या जिल्ह्याच्या वकील मंडळांनी आणि आमदार-खासदारांनी लावून धरली पाहिजे.